प्रश्नात दडलेली चूक आणि उत्तर देणाऱ्याचे मन : एक मानसशास्त्रीय विवेचन

सारांश :

प्रश्नामध्ये एखादी वस्तुस्थितीविषयक चूक दडलेली असली आणि योग्य माहिती उत्तर देणाऱ्याला पूर्वीपासून अवगत असली, तरीही ती चूक त्याच्या लक्षात येत नाही, असा अनुभव अनेकदा येतो. मानसशास्त्रात या घटनेला ‘मोशे-भ्रम’ या नावाने ओळखले जाते. प्रस्तुत लेखात या भ्रमाचे स्वरूप, त्यामागील कारणे, मराठी वाक्यरचनेचा त्यातील वाटा आणि परीक्षा, न्यायालय व सायबर फसवणूक या तीन क्षेत्रांतील त्याचे परिणाम यांची चर्चा केली आहे.

बीजशब्द : मोशे-भ्रम, पूर्वगृहीत, अंशतः जुळणी, ज्ञानोपेक्षा, सूचक प्रश्न.

१. प्रस्तावना :

‘रात्रभर रामायण ऐकले आणि सकाळी विचारले, रामाची सीता कोण?’ ही म्हण मराठी समाजात सर्वपरिचित आहे. ऐकूनही न समजलेल्या श्रोत्याची थट्टा या म्हणीत केलेली आहे. परंतु मानवी मनाची एक गंमत याच्या नेमकी उलट आहे. श्रोत्याने कथा नीट ऐकलेली असते, ती त्याला तोंडपाठ असते, आणि तरीही प्रश्नकर्त्याने कथेतील पात्र बदलले तर त्याला पत्ता लागत नाही.

पुढील प्रश्न पाहावा : ‘शरपंजरी पडलेल्या द्रोणाचार्यांनी देह ठेवण्यासाठी कोणत्या काळाची वाट पाहिली?’ महाभारताची कथा ज्याला माहीत आहे, त्याच्या ओठांवर ‘उत्तरायण’ हे उत्तर लगेच येते. उत्तर ओठांवर आल्यानंतर काही क्षणांनी, किंवा कोणी निदर्शनास आणून दिल्यावरच, ध्यानात येते की शरपंजरी पडले ते भीष्माचार्य. द्रोणाचार्यांचा वध धृष्टद्युम्नाच्या हातून झाला. ही गोष्ट त्या व्यक्तीला ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. स्वतंत्रपणे ‘शरपंजरी कोण पडले?’ असे विचारले असते तर तिने अचूक उत्तर दिले असते. म्हणजे येथे अज्ञान नाही. असलेले ज्ञान ऐन वेळी वापरले गेले नाही, एवढेच घडले आहे.

हा केवळ करमणुकीचा विषय नाही. परीक्षेच्या दालनात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणि अनोळखी क्रमांकावरून आलेल्या दूरध्वनीवर माणूस प्रश्नांनाच उत्तरे देत असतो. त्या प्रश्नांत दडलेली चूक त्याने मान्य केली, तर त्याची किंमत त्याला स्वतःला किंवा दुसऱ्या कोणाला मोजावी लागते. म्हणून या घटनेची शास्त्रीय मीमांसा आवश्यक ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे :

१) प्रश्नातील चुकीकडे दुर्लक्ष होण्याच्या घटनेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या घटनेमागील मानसिक व भाषिक कारणांचा शोध घेणे.
३) दैनंदिन व सार्वजनिक जीवनातील तिचे परिणाम तपासणे.
४) ते परिणाम कमी करण्याचे व्यवहार्य उपाय सुचविणे.

३. मोशे-भ्रम : मूळ प्रयोग

इ. स. १९८१ मध्ये एरिकसन आणि मॅटसन या अमेरिकन संशोधकांनी या घटनेचा प्रथम पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता : ‘मोशेने तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले?’ बायबलमधील कथेनुसार जलप्रलयाच्या वेळी तारू बांधले ते नोहाने. मोशेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. तथापि बहुसंख्य व्यक्तींनी ‘दोन’ असे उत्तर दिले. नंतरच्या चौकशीत त्यांना नोहाची कथा माहीत असल्याचे दिसून आले. प्रश्न घाईने वाचल्यामुळे चूक निसटली असावी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु प्रश्न मोठ्याने वाचायला लावूनही भ्रम नाहीसा झाला नाही. ‘मोशे’ हा शब्द तोंडाने उच्चारला गेला, कानांनी ऐकला, आणि तरीही तो खटकला नाही.

याच प्रश्नात मोशेच्या जागी ‘निक्सन’ हे नाव घातले की चूक सहज पकडली जाते. याचा अर्थ असा की, कोणतीही चूक निसटून जात नाही. मूळ शब्दाशी अर्थाने निकट असलेली चूकच निसटते. मोशे आणि नोहा हे दोघेही बायबलच्या जुन्या करारातील वृद्ध, देवाशी संवाद साधणारे आणि पाण्याच्या चमत्काराशी निगडित पुरुष आहेत. भीष्म आणि द्रोण यांचेही तसेच आहे. दोघेही वयोवृद्ध, दोघेही आचार्य म्हणून पूज्य, दोघेही अनिच्छेने कौरवांच्या बाजूने लढले आणि एकापाठोपाठ एक त्यांचे सेनापती झाले. ‘शरपंजरी पडलेल्या शकुनीने’ असे म्हटले असते तर शाळकरी मुलानेही हात वर केला असता.

४. परिचित परिसरातील उदाहरणे :

बायबल किंवा महाभारत ही दूरच्या काळातील कथानके आहेत, म्हणून स्मृती अंधुक असेल, असा आक्षेप घेता येईल. त्यासाठी अंधेरीसारख्या उपनगरातील रहिवाशाच्या रोजच्या जगातील प्रश्न पाहावेत.

‘१६ एप्रिल १८५३ रोजी चर्चगेट ते ठाणे या मार्गावर धावलेल्या देशातील पहिल्या प्रवासी रेल्वेगाडीला किती डबे होते?’ सामान्यज्ञानाची तयारी केलेला विद्यार्थी ‘चौदा’ हे उत्तर देऊन मोकळा होतो. ती गाडी बोरीबंदरहून सुटली होती. चर्चगेटहून ठाण्याला गाडी जात नाही, ही गोष्ट पश्चिम रेल्वेने रोज प्रवास करणाऱ्याला पाठ करावी लागत नाही. ठाण्याला जायचे तर दादरला गाडी बदलावी लागते, हे त्याच्या पायांना ठाऊक असते. असे असूनही चर्चगेट आणि बोरीबंदर ही दोन्ही दक्षिण मुंबईतील अखेरची स्थानके असल्यामुळे एकाच्या जागी दुसरे सहज खपून जाते.

इतिहासातही असेच आहे. ‘१६६५ च्या पुरंदरच्या तहानुसार शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानाला किती किल्ले दिले?’ या प्रश्नाला ‘तेवीस’ हे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी आहे. वास्तविक हा तह मिर्झाराजे जयसिंग यांच्याशी झाला. शाहिस्तेखान १६६३ मध्येच लाल महालात बोटे गमावून गेला होता. दोघेही दख्खनवर चालून आलेले औरंगजेबाचे मातब्बर सरदार, एवढे साम्य पुरेसे ठरते.

नावांतील ध्वनिसाम्यही हेच काम करते. शाफ्टो आणि मॅके यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चंद्रावर पाऊल ठेवताना लुई आर्मस्ट्राँगने कोणते प्रसिद्ध उद्गार काढले, अशा प्रकारचा प्रश्न होता. चंद्रावर गेला तो नील. लुई हा जॅझ संगीतकार. मराठ्यांच्या इतिहासात याला समांतर उदाहरण शोधण्यास फार कष्ट पडत नाहीत. ‘पानिपतच्या पराभवानंतर त्याच वर्षी पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे निधन पुण्यातील कोणत्या टेकडीवर झाले?’ उत्तर ‘पर्वती’ असे येते. परंतु १७६१ मध्ये निधन पावले ते बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब. बाळाजी विश्वनाथ त्यापूर्वी चार दशके, १७२० मध्येच निवर्तले होते.

कधीकधी चूक प्रश्नकर्त्याने घातलेली नसते, ती नावातूनच आलेली असते. अंधेरी पूर्वेकडील ‘महाकाली लेणी’ हे त्याचे बोलके उदाहरण होय. ‘महाकाली लेण्यांतील देवीची मूळ मूर्ती कोणत्या गुहेत होती?’ असे विचारले तर ऐकणारा गुहेचा क्रमांक आठवू लागेल. प्रत्यक्षात कोंडिविटे येथील हा एकोणीस गुहांचा समूह बौद्ध लेण्यांचा आहे. महाकाली हे नाव परिसरातील देवीच्या मंदिरामुळे रूढ झाले. जवळच असलेली जोगेश्वरीची लेणी मात्र शैव आहेत. या लेण्यांजवळून रोज ये-जा करणाऱ्यालाही नावाने सुचविलेले गृहीत तपासून पाहावेसे वाटत नाही.

५. कारणमीमांसा :

(अ) अंशतः जुळणी : लिन रेडर आणि कसबिट यांनी १९९१ मध्ये या भ्रमाची संभाव्य स्पष्टीकरणे एकेक करून तपासली. चुकीचा शब्द वाचलाच जात नाही काय? योग्य माहिती स्मृतीतून बाहेर येतच नाही काय? की चूक लक्षात येऊनही उत्तर देणारा सौजन्याने ती दुरुस्त करून घेतो? त्यांच्या प्रयोगांत प्रश्नाशी संबंधित वस्तुस्थिती सहभागी व्यक्तींना आधी अभ्यासासाठी दिली, तरी भ्रम पूर्णपणे गेला नाही. ‘शब्दशः तपासून उत्तर द्या’ अशी सूचना दिल्यावर काम मंदावले, परंतु चुका राहिल्याच. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, प्रश्न आणि स्मृतीतील नोंद यांची जुळणी मन शंभर टक्के करीतच नाही. पुरेशी जुळणी झाली की पुढे सरकते. ‘शरपंजर’, ‘देह ठेवणे’, ‘वाट पाहणे’, ‘आचार्य’ इतके धागे जुळले की संपूर्ण प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. एक धागा चुकीचा आहे, हे तपासण्यासाठी मन थांबत नाही.

(आ) ‘कामापुरते’ आकलन : भाषा समजून घेताना माणूस प्रत्येक शब्दाचा काटेकोर अर्थ लावतो, ही समजूत अलीकडच्या संशोधनाने शिथिल केली आहे. फेरेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या विचारानुसार आकलन हे बहुधा ‘कामापुरते’ असते. बार्टन आणि सँडफोर्ड यांनी १९९३ मध्ये विमान अपघाताच्या प्रश्नातून हेच दाखविले. त्या प्रश्नाचे मराठी रूप असे करता येईल : ‘महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवर विमान कोसळले, तर वाचलेल्या प्रवाशांचे दफन कोणत्या राज्यात करावे?’ ऐकणारा सीमावादाचा आणि कायद्याचा विचार करू लागतो. वाचलेल्यांचे दफन करायचे नसते, हे त्याच्या मनात येत नाही. विमान अपघात म्हटले की मृत्यू हा अर्थ प्रसंगानेच पुरविलेला असतो. त्यामुळे शब्दाचा स्वतंत्र अर्थ पाहिला जात नाही.

(इ) लक्षाचा रोख : प्रश्न ऐकताच मन उत्तराच्या शोधाला लागते. ‘किती?’, ‘कोणत्या?’, ‘कोठे?’ या प्रश्नवाचक शब्दांकडे लक्ष वळते आणि वाक्याचा उरलेला भाग केवळ वाटाड्याचे काम करतो. ब्रेदार आणि मोदोलो यांनी १९८८ मध्ये दाखविले की, चुकीचा शब्द वाक्याच्या रोखात आणला की तो अधिक वेळा पकडला जातो. मराठीत हे काम ‘च’ हे एकाक्षरी अव्यय करते. ‘शरपंजरी पडले ते द्रोणाचार्यच ना?’ असे विचारताच ऐकणारा सावध होतो, कारण आता द्रोणाचार्य हेच प्रश्नाचे लक्ष्य झालेले असते.

(ई) संभाषणातील सद्भाव : तत्त्वज्ञ ग्राइस यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या सहकार्यतत्त्वानुसार बोलणारे परस्परांविषयी असे गृहीत धरतात की, समोरचा खरे, पुरेसे आणि प्रस्तुत तेच बोलत आहे. प्रश्नकर्ता चुकीच्या पायावर प्रश्न उभा करील, अशी अपेक्षा नसते. प्रश्नकर्ता शिक्षक, परीक्षक, वकील किंवा अधिकारी असेल तर हा विश्वास अधिकच दृढ होतो. रेडर व कसबिट यांच्या प्रयोगांनुसार केवळ सौजन्य हे या भ्रमाचे पूर्ण स्पष्टीकरण नाही, हे खरे. परंतु गृहीत तपासण्याची गरजच वाटू नये, अशी मनःस्थिती या सद्भावाने तयार होते.

(उ) सुलभतेचा आभास : जे सहज वाचता येते ते खरे वाटण्याकडे मनाचा कल असतो. साँग आणि श्वार्झ यांनी २००८ मध्ये मोशेचा प्रश्न सुवाच्य व दुर्वाच्य अशा दोन प्रकारच्या अक्षरवळणांत छापून विचारला, तेव्हा दुर्वाच्य अक्षरांत तो वाचणाऱ्यांनी चूक अधिक प्रमाणात पकडली. वाचनात अडथळा आला की मन गती कमी करते, असा याचा अर्थ लावण्यात आला. मात्र दुर्वाच्यतेमुळे विचार अधिक काटेकोर होतो, असा सरसकट नियम यावरून करता येत नाही. तत्सम इतर प्रयोगांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे आलेले नाहीत.

६. मराठी वाक्यरचनेचा वाटा :

प्रश्नात जे विचारलेले असते त्याखेरीज काही गोष्टी न विचारताच मान्य करून घेतलेल्या असतात. त्यांना पूर्वगृहीते असे म्हणतात. ‘तुम्ही तंबाखू खाणे कधी सोडले?’ या प्रश्नाला कोणतीही तारीख सांगितली, तरी पूर्वी तंबाखू खात असल्याची कबुली दिली जाते.

मराठीत पूर्वगृहीत दडविण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे ‘-लेला, -लेली, -लेले’ अशी कृदंत विशेषणे होत. ‘द्रोणाचार्य शरपंजरी पडले’ हे विधान आहे. ते नाकारता येते. ‘शरपंजरी पडलेल्या द्रोणाचार्यांनी…’ असे म्हणताच तेच विधान नामाच्या मागे विशेषण म्हणून जाऊन बसते. वाक्याचे क्रियापद अखेरीस येत असल्यामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष पुढे, वाक्याच्या शेवटाकडे लागलेले असते. मागे बसलेले विशेषण तोवर निमूटपणे स्वीकारले गेलेले असते. वर दिलेल्या रेल्वेच्या प्रश्नातील ‘धावलेल्या’ हा शब्द याच जागी बसलेला आहे. ‘पुन्हा’, ‘अजून’, ‘तरी’, ‘सुद्धा’ ही अव्ययेही असेच काम करतात. ‘त्याने पुन्हा मारले काय?’ या प्रश्नात पहिल्यांदा मारल्याचे गृहीत आहे. ‘तो फुटलेला दिवा पाहिलात काय?’ आणि ‘एखादा फुटलेला दिवा पाहिलात काय?’ या दोन प्रश्नांत एका शब्दाचाच फरक आहे; पण पहिला प्रश्न दिवा होता व तो फुटला होता, हे दोन्ही ठरवून टाकतो.

७. परिणामांची तीन क्षेत्रे :

(अ) परीक्षा व अध्यापन : चुकीच्या प्रश्नाला उत्तर दिल्याने होणारी हानी तेथेच संपत नाही. बॉटम्स, एस्लिक आणि मार्श यांच्या २०१० मधील अभ्यासात असे आढळले की, ज्यांनी प्रश्नातील चूक पकडली नाही, त्यांच्या उत्तरांत पुढे तीच चुकीची माहिती डोकावू लागते. असलेल्या ज्ञानाचा वापर न करण्याच्या या प्रवृत्तीला मार्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ज्ञानोपेक्षा’ म्हटले आहे. विषयतज्ज्ञही यातून पूर्णपणे सुटत नाहीत. कँटर आणि मार्श यांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार, तज्ज्ञ आपल्या विषयातील चुका इतरांपेक्षा अधिक पकडतात, परंतु सर्व चुका त्यांनाही सापडत नाहीत. प्रश्नपत्रिका तयार करणारा आणि तपासणारा हे दोघेही तज्ज्ञ असूनही चुकीचा प्रश्न छापला जातो, त्याचे एक कारण येथे सापडते. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असल्यामुळे प्रश्नाची शब्दयोजना तपासण्यास तोच सर्वांत अपात्र ठरतो. यात नुकसान होते ते प्रामाणिकपणे थबकलेल्या विद्यार्थ्याचे. ज्याने चूक ओळखली त्याचा वेळ गेला. ज्याने ओळखली नाही त्याला गुण मिळाले.

(आ) न्यायालय : एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९७५ मधील प्रयोगात सहभागी व्यक्तींना मोटारीची चित्रफीत दाखविण्यात आली. त्यानंतर काहींना ‘ग्रामीण रस्त्याने जाताना कोठाराजवळून गेलेल्या पांढऱ्या मोटारीचा वेग किती होता?’ असे विचारले, तर काहींना कोठाराचा उल्लेख न करता वेग विचारला. चित्रफितीत कोठार नव्हतेच. एका आठवड्यानंतर ‘कोठार पाहिले काय?’ असे विचारल्यावर पहिल्या गटातील १७.३ टक्के व्यक्तींनी होकार दिला; दुसऱ्या गटात हे प्रमाण २.७ टक्के होते. प्रश्नातील खोटे गृहीत केवळ दुर्लक्षिले गेले नाही, तर ते डोळ्यांनी पाहिल्याची आठवण बनले. मोशे-भ्रमाचे हे अधिक गंभीर रूप होय.

भारतीय कायद्याला या धोक्याची जाण फार पूर्वीपासून आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम १४१ ते १४३ यांत सूचक प्रश्नांविषयीच्या तरतुदी होत्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्ये त्या कलम १४६ खाली एकत्र आल्या आहेत. विचारणाऱ्याला अपेक्षित असलेले उत्तर सुचविणारा प्रश्न म्हणजे सूचक प्रश्न. विरुद्ध पक्षाने हरकत घेतल्यास सरतपासात व फेरतपासात असा प्रश्न न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाही. उलटतपासात मात्र विचारता येतो. वादग्रस्त वस्तुस्थिती सिद्ध झाल्याचे धरून चालणारा प्रश्नही याच दोषाने युक्त मानला जातो. वर्की जोसेफ विरुद्ध केरळ राज्य या १९९३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी वकिलास साक्षीच्या महत्त्वाच्या भागावर सूचक प्रश्न विचारू देणे हे आरोपीच्या न्याय्य सुनावणीच्या हक्काला बाधक असल्याचे स्पष्ट केले. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ मधील कलम ३३ नुसार बालकाला विचारावयाचे प्रश्न वकिलांनी विशेष न्यायालयाकडे द्यावयाचे असून न्यायालयाने ते बालकापुढे ठेवावयाचे असतात.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. कायद्याची हरकत वकिलाच्या सावधपणावर अवलंबून आहे, आणि वकील हाही माणूसच आहे. शिवाय साक्षीदार न्यायालयात पोचण्यापूर्वी शेजारी, नातेवाईक, पत्रकार आणि तपास अधिकारी यांच्या अनेक प्रश्नांतून गेलेला असतो. त्या प्रश्नांवर हरकत घेणारे तेथे कोणी नसते. ‘तो निळ्या शर्टातला मुलगा कोणत्या बाजूने पळाला?’ असा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला, तर निळा शर्ट साक्षीदाराने पाहिला की प्रश्नातून घेतला, हे नंतर ठरविणे अवघड असते. एखाद्या निरपराध व्यक्तीचे आयुष्य त्या एका विशेषणावर टांगलेले असू शकते.

(इ) सायबर फसवणूक : अलीकडच्या काळात ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने होणाऱ्या फसवणुकीत चुकीच्या गृहीतावर उभारलेला प्रश्न हे प्रमुख साधन असते. ‘अमली पदार्थ सापडलेले पार्सल तुम्ही कोणत्या तारखेला पाठविले?’ असा प्रश्न करड्या आवाजात विचारला जातो. ऐकणारा घाबरून तारखेचा विचार करतो, ‘मी त्या तारखेला घरीच होतो’ असे सांगू लागतो. पार्सल होते, ते सापडले, त्यात अमली पदार्थ होते आणि विचारणारा पोलीस आहे, या चारही गोष्टी त्याने एव्हाना न तपासता मान्य केलेल्या असतात. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ अशी कोणतीही व्यवस्था नाही, असे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’ मधून देशाला सांगितले. सुशिक्षित माणसे अशा जाळ्यात अडकली की त्यांच्या बुद्धीविषयी शंका घेतली जाते. वस्तुतः पूर्वगृहीत निसटू देण्याची प्रवृत्ती शिक्षणाने संपत नाही, हे वरील प्रयोगांवरून स्पष्ट होते. भीतीची भर पडली की तपासणीला उरलेला अवकाशही संपतो.

८. हा दोष की सोय?

एवढ्या विवेचनावरून मानवी आकलन सदोष आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अंधेरी स्थानकावर एखाद्या वृद्ध प्रवाशाने ‘व्ही.टी.ची गाडी किती नंबरला लागते?’ असे विचारले, तर कोणीही त्यांना व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव १९९६ मध्ये बदलल्याचे ऐकवीत बसत नाही. फलाटाचा क्रमांक सांगितला जातो आणि प्रवासी गाडी पकडतो. बोलताना माणसे अडखळतात, नावे चुकतात, शब्द मागेपुढे होतात. प्रत्येक चुकीवर थांबावयाचे ठरविले तर संभाषणच अशक्य होईल. कामापुरते आकलन ही मनाची काटकसर आहे आणि बहुतेक प्रसंगी ती लाभदायकच असते. धोका उद्भवतो तो प्रश्नकर्ता सद्भावाने विचारीत नसेल तेव्हा, किंवा उत्तराचे परिणाम गंभीर असतील तेव्हा.

९. उपाययोजना :

प्राचीन भारतीय परंपरेने या संदर्भात मोलाचा विचार केलेला आहे. कोंडिविटेची लेणी ज्या बौद्ध परंपरेतील भिक्षूंसाठी कोरली गेली, त्या परंपरेच्या ग्रंथांत प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत : सरळ उत्तर देण्याजोगा, विभागणी करून उत्तर देण्याजोगा, उलट प्रश्न विचारून उत्तर देण्याजोगा आणि बाजूला ठेवण्याजोगा. न्यायदर्शनातही प्रतिपक्षाच्या शब्दांचा विपर्यास करणाऱ्या ‘छल’ या युक्तीचे स्वतंत्र विवेचन आहे. प्रत्येक प्रश्न उत्तरास पात्र असतोच असे नाही, ही जाणीव या वर्गीकरणाच्या मुळाशी आहे. आधुनिक संदर्भात पुढील उपाय सुचविता येतील :

१) प्रश्नपत्रिका तयार झाल्यावर उत्तरे माहीत नसलेल्या दुसऱ्या शिक्षकाने प्रत्येक प्रश्नातील विशेषणे सुटी करून विधान म्हणून वाचावीत. ‘चर्चगेट ते ठाणे गाडी धावली’ असे वेगळे वाचताच चूक उघडी पडते.
२) वर्गात अधूनमधून हेतुतः चुकीचे प्रश्न विचारून ‘प्रश्न चुकीचा आहे’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला शाबासकी द्यावी. प्रश्नाला प्रश्न करणे म्हणजे उद्धटपणा, ही समजूत त्यामुळे सैल होईल.
३) साक्षीदाराशी प्रथम बोलणाऱ्याने ‘काय घडले ते सांगा’ अशा खुल्या विचारणेने सुरुवात करावी. पूर्ण निवेदन नोंदविण्यापूर्वी तपशील पुरवू नयेत.
४) अनोळखी दूरध्वनीवर प्रश्न आल्यास उत्तर शोधण्यापूर्वी प्रश्नात काय धरून चालले आहे, हे विचारावे; शंका येताच संवाद थांबवून घरातील व्यक्तीशी बोलावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

१०. निष्कर्ष :

१) प्रश्नातील चूक निसटण्याचे कारण बहुधा अज्ञान नसून ज्ञानाचा अवापर हे असते.
२) चुकीचा शब्द योग्य शब्दाशी अर्थाने अथवा ध्वनीने निकट असेल आणि वाक्याच्या रोखाबाहेर असेल, तर तो निसटण्याची शक्यता वाढते.
३) मराठीतील कृदंत विशेषणे व काही अव्यये पूर्वगृहीत दडविण्यास अनुकूल ठरतात, ‘च’ सारखे अव्यय ते उघड करण्यास साहाय्य करते.
४) दुर्लक्षित चूक पुढे स्मृतीचा भाग बनू शकते, म्हणून परीक्षक, वकील, पोलीस आणि पत्रकार यांच्यावर प्रश्नाच्या शब्दयोजनेची जबाबदारी येते.

उत्तर चुकले तर ते देणाऱ्याला दोष लागतो. प्रश्न चुकला तरी पुष्कळदा दोष त्यालाच लागतो. शिक्षणव्यवस्थेने आजवर उत्तरे तपासण्याची सवय लावली. प्रश्न तपासण्याची सवय लावणे हे यापुढील काम आहे. ‘द्रोणाचार्य शरपंजरी पडलेच नव्हते’ असे नम्रपणे सांगणारा विद्यार्थी उद्या साक्षीदार म्हणून उभा राहिला किंवा त्याच्याकडे अनोळखी दूरध्वनी आला, तरी तसाच थबकू शकेल, अशी अपेक्षा करण्यास जागा आहे.